वैरागडे सरांच्या फ्रिजमधली हिमनदी

वैरागडे सरांच्या घरी फ्रिज उघडण्याआधी पाहुण्याला श्वास रोखावा लागे.

"घ्या लंबा श्वास. हां. आता बंद! नाक बंद, तोंड बंद, बोलणं तर बिलकुल बंद!" असं फर्मान सोडून सर स्वतः मफलर काढत आणि नाकावरून गुंडाळत. बाहेर नागपूरचा मे महिना. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कूलर पाण्यासाठी बोंबलतोय, आणि धरमपेठेतला हा सत्तरीचा गृहस्थ मफलर बांधून फ्रिजसमोर उकिडवा बसलाय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, ऊन डोक्यात गेलं. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डॉक्टरांचा नंबर शोधत होतो.

फ्रिजमध्ये आंबे नाहीत, दही नाही, पाण्याची एक बाटली नाही. मधल्या कप्प्यात श्रीखंडाचा एक रिकामा डबा. त्यात भुसभुशीत बर्फ आणि बर्फावर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके. आपण डोळे ताणून पाहत असतो, श्वास संपत आलेला असतो, आणि तेवढ्यात एक ठिपका टुण्णकन उडून भलतीकडेच पडतो.

"पाह्यलं?" दार लावून सर विजयी मुद्रेने म्हणत. "बर्फउड्या!"

नाव त्यांनीच ठेवलेलं. कुणी पिसू म्हटलेलं त्यांना खपत नसे. "पिसू चावते. हा गरीब कोणाले चावत नाही. आणि किडा बी म्हणू नका. किड्याचा चुलतभाऊ म्हणा. शास्त्र आहे हे, भाजी नाही!"

"शास्त्र आहे हे, भाजी नाही" हे त्यांचं पालुपद. सर म्हणजे खरे सर नव्हेत. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. बेडूक, साप, विंचू असं सगळं फॉर्मलिनच्या बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून ठेवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कॉलेजात सगळे त्यांना नुसतं "वैरागडे" म्हणत. "सर" ही पदवी आमच्या गल्लीनं निवृत्तीनंतर दिली, आणि तिचा त्यांनी पुरेपूर मोबदला वसूल केला.

कारण गल्लीत बर्फउड्याबद्दल माहीत नाही असा माणूस त्यांनी ठेवला नाही. सहा पाय, पंख शून्य. पोटाखाली दुमडलेली एक दुफाटी शेपटी, ती अडकवायला एक बारीक आकडा. आकडा सुटला की शेपटी बर्फावर आपटते आणि स्वारी हवेत. हे नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. एका बारशाला त्यांनी स्वयंपाकघरातून पोळ्यांचा चिमटा मागवला, पाठीमागून पँटच्या पट्ट्यात खोचला, पुढे वाकले, "समजा मी बर्फउड्या आहो" असं जाहीर केलं आणि पाळण्यासमोर धप्पकन उडी मारली. बाळ रडलं. बाळाची आजी म्हणाली, "वैरागडे भाऊ, कंबर मोडंल तं कोणता बर्फ लावणार?"

"हिमनदीच्या भेगांत राहते बिचारा," ते भाजीवाल्यालाही सांगत. "वाऱ्यानं उडत आलेले परागकण खाते, शेवाळ खाते. रंग काळा काहून? ऊन धरून ठेवायले. पोटाखाली एक नळी, तिच्यानं पाणी पिते. आणि रक्त गोठू नये म्हणून रक्तात साखर! त्याच्या रक्तात साखर वाढली तर तो जगते. माह्या रक्तात वाढली तर डॉक्टर ओरडते. न्याय आहे का हा?"

"नाही सर," भाजीवाला कोथिंबिरीची जुडी उचलून म्हणे. "पण सांभार किती देऊ?"

हे बर्फउडे आले कुठून? सरांची मुलगी मंजू हिमाचलात हिमनद्यांवर संशोधन करते. संक्रांतीला आली ती काखेत थर्मास घेऊनच. "बाबांनी जन्मभर मेलेले प्राणी बाटल्यांत ठेवले," ती मला म्हणाली होती, "म्हटलं, एकदा जिवंत काहीतरी हातात द्यावं." जाताना सरांना बजावून गेली, "बाबा, गरमी यांना अजिबात सोसत नाही. तळहाताच्या उबेनंही मरतात. मी जूनमध्ये येते, तोवर सांभाळा."

तेव्हापासून सरांना एकच काम. जूनपर्यंत, नागपुरात, हिमनदी जगवायची.

दर रविवारी मंजूचा फोन येई. तासभर चाले. सरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत: "हो, हो, खाऊन राहिले! उड्या मारून राहिले! तुह्या तिकडचे कसे आहेत?" अर्धा मे सरल्यावर मात्र त्यांनी पाहुण्यांना फ्रिज दाखवणं बंद केलं. विचारलं तर म्हणत, "विश्रांतीत आहेत." आम्हीही मानलं. नागपूरच्या उन्हाळ्यात विश्रांती कुणाला नको?

आणि मग नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ होरपळते दिवस, लागला. नवतप्यातल्या एका दुपारी सरांच्या बाजूची विजेची डीपी धडाम करून उडाली. रस्त्याच्या आमच्या बाजूला वीज होती. पाच मिनिटांत दारावर धडका. उघडतो तर सर. डोक्याला पांढरा दुपट्टा, पायांत चपला नाहीत, आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेला श्रीखंडाचा डबा तान्ह्या लेकरासारखा छातीशी.

"वहिनी, फ्रिज! लवकर!"

आमच्या हिनं दार उघडलं, सरांनी सगळ्यांना श्वास रोखायला लावला आणि डबा ठेवला. "चार दिवसांवर मंजू आली आहे," मला म्हणाले. "तुमच्या भरोशावर ठेवून राहिलो."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. अशी वचनं मी फार झोकात देतो.

दुसऱ्या दिवशी सावनेरहून माझे मेहुणे बबनराव टपकले. आमची ही भाजी आणायला गेलेली, मी अंघोळीला. बाहेर येऊन पाहतो तर बबनराव पाटावर मांडी घालून गुलाबाच्या सरबताचा दुसरा ग्लास संपवत होते.

"जवाईबापू, मानलं बुवा!" ते म्हणाले. "सब्जा भिजवून, गार करून, तयार ठेवला होता! ताईले शिकवलं कोणी?"

समोर श्रीखंडाचा डबा. रिकामा.

मी टॉवेलवरच त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला. ग्लासाच्या तळाशी दोन-चार काळे ठिपके होते, चांगले टम्म फुगलेले. बुडून मेले बिचारे, मला वाटलं. बबनरावांना मी काही सांगितलं नाही. हिमालय पचवून ढेकर दिलेल्या माणसाला काय सांगणार?

कपडे चढवले आणि सरांकडे गेलो. पायऱ्या चढताना तीन वाक्यं तयार केली होती, तिन्ही विसरलो. "सर, तुमचे बर्फउडे... माझा मेहुणा... सरबतात..."

सर आरामखुर्चीत होते. ओरडतील, रडतील, निदान शास्त्र काढतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"पूर्ण डबा?"

"पूर्ण."

"पोट ठीक आहे ना त्यांचं?"

"ढेकर दिली."

"मंग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी जास्तच घाबरून घरी आलो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते आमच्या दारात उभे. हातात एक छोटी वाटी.

"वहिनी," ते हिला म्हणाले, "चमचाभर सब्जा भेटंल का? कोरडा. भिजवू नका."

हिनं आणून दिला. मी वाटीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना अंगणातल्या बाकावर बसवलं.

"अर्धा मे सरला तवाच गेले, गा," ते म्हणाले. "पहिल्यांदा दुपारभर लाइट गेली त्या दिवशी. मी बर्फ आणायले धावलो. आलो तं एक बी उडेना. जिंदगीभर मेलेले सांभाळले. पहिल्यांदा कोणी जित्तं हाती दिलं, ते बी गेलं."

"मग मंजूला सांगायचं ना!"

"कसं सांगू?" ते वाटीतला सब्जा बोटानं सारखा करत म्हणाले. "तिची आई होती तवा फोन मी उचलला का तिचा पह्यला शब्द, 'आई कुठं आहे?' आई गेली, मंग आमचं बोलणं काय? 'जेवले?' 'जेवलो.' 'बरं, ठेवते.' या काळ्या ठिपक्यांवर पोरगी माह्याशी एक एक घंटा बोलून राहिली, गा. मी बर्फावर सब्जा पेरला. फोनच्या कॅमेऱ्यात दुरून तसाच दिसते."

"पण मग काल त्या उन्हात अनवाणी का पळत आलात?"

त्यांनी वाटी बाकावर ठेवली. "लाइट गेली का पाय आपोआप पळते," म्हणाले. "सवय लागली."

मंजू आली त्या दिवशी सरांनी मलाही बोलावून घेतलं. धीर द्यायला, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "साक्षीदार पायजे." मंजूनं पाठीवरची बॅगही उतरवली नव्हती, आणि सर मफलर गुंडाळून फ्रिजसमोर.

"श्वास रोक."

तिनं रोखला. खिशातून भिंग काढलं आणि डब्यावर वाकली. हिमनद्यांवर पावलं झिजवलेली बाई माझ्या घरचा सब्जा चार बोटांवरून पाहत होती. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला गुदमरायला लागलं. मंजू काही मान वर करेना. मग तिनं भिंग बाजूला घेतलं, वडिलांच्या पाठमोऱ्या मानेकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तो कोपऱ्यातला बघा. आत्ता हलला."

सरांनी नाकावरचा मफलर खाली ओढला. "हलंलच," ते म्हणाले. "सांभाळलं कोणी?"

तिनं फ्रिजचं दार अलगद लावलं आणि तिथंच फरशीवर बैठक मारली. "आता सांगा, उडी कशी मारतात ते. फोनवर सांगत होता, तसं नाही. करून दाखवा."

मी चपला घालून बाहेर पडलो. फाटकापर्यंत पोचलो नसेन, तोच आतून पोळ्यांचा चिमटा शोधताना भांडी पडल्याचा आवाज आला. मग एक दणदणीत "धप्प!" आणि दोघांचं हसणं.