आबाजी उतरून राह्यले

आबाजी सायकलवरून कधीही पडले नाहीत. ते उतरत.

हे माझं म्हणणं नाही, त्यांचं. आणि ते इतक्या ठामपणे म्हणत की ऐकणाऱ्याला आपल्याच डोळ्यांचा संशय यावा. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी स्वतः पाहिलं : सायकल वेशीजवळच्या उतारावर सुटली, हँडल ‘नाही, नाही, नाही’ म्हणत मान हलवावी तसं दोन्हीकडे हललं, आबाजींनी “बाजूले व्हा, मी उतरून राह्यलो!” अशी आरोळी ठोकली आणि सायकलीसकट कडब्याच्या गंजीत शिरले. थोड्या वेळानं गंजीतून एक हात बाहेर आला. मग फेटा. मग मिशीतला कडबा झटकत आबाजी.

“लागलं का आबाजी?” मी धावत जाऊन विचारलं.

“उतराले कायले लागते, मास्तर?”

त्या काळात महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही मास्तरकीत नवाच होतो. अकोल्याकडून बदली होऊन डोणगावच्या शाळेत आलो आणि आबाजींच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली. आबाजी गावातले मोठे शेतकरी. नाल्यापलीकडे मळा, दारात पांढऱ्या बैलांची जोडी, आणि बसायला रेंगी, म्हणजे आमच्या भागातली हलकी बैलगाडी. बाहेरून आले की ते आधी बैलांना विचारत, “काय बाप्पा, जेवले का?” मग माणसांकडे बघत. माझ्या सायकलला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. “याले शिंगं नाई, शेपटी नाई. बिथरलं तं धराचं कुठं?”

म्हणून दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहून, सायकलकडे न बघता, वरच्या आढ्याकडे बघत म्हणाले, “मास्तर, हे शिकाले लय अक्कल लागते का?” तेव्हा मी दचकलोच.

“अक्कल नाही लागत, आबाजी. सराव लागतो.”

“मंग उद्या सकायी. अंधार असतानीच. कोणाले सांगजा नोको.”

साठीला टेकलेल्या माणसानं सायकल शिकायला भर थंडीची पहाट का निवडावी, हे मला कळेना. त्यावर त्यांचं शास्त्र तयार होतं. “थंडीत हाड आवळून राह्यते, मास्तर. उन्हायात आपटला तं माणूस टरबुजावानी फुटते.”

“म्हणजे पडायची तयारी आहे तर.”

“उतराची,” आबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते जे निघाले, ते बघण्यासारखं होतं. आत बंडी, तिच्यावर सदरा, त्यावर लोकरीचा कोट, कोटावर घोंगडी, कानाला मफलर आणि मफलरवर फेटा. चेहऱ्यापैकी फक्त नाक दिसत होतं आणि तेही थंडीनं लाल झालेलं. मी मागून सीट धरून धावायचो. तोंडातून वाफा निघत, हाताची बोटं सीटच्या लोखंडाला चिकटतात की काय असं वाटे. पण आबाजी उतरले, की एक फायदा दिसे. एवढ्या कपड्यांमुळे धाड असा आवाज येतच नसे. कापसाचं गाठोडं टाकल्यासारखा नुसता ‘भस्स’ असा आवाज यायचा.

कोणी बघू नये म्हणून निवडलेली ती वेळ, पण हिशेब साफ चुकला. थंडीत गाव अंथरुणात पडून राहत नाही. ते शेकोटीभोवती बसतं. आणि शेकोटीभोवती बसलेल्या माणसाला बघायला काहीतरी लागतं. आठवडाभरात गावातल्या शेकोट्यांच्या जागा बदलल्या. मारुतीच्या पारापाशी पेटणारी शेकोटी वेशीजवळच्या उतारावर आली. चहाच्या हॉटेलवाल्यानं आपलं बाकडं तिथं आणून ठेवलं. तुराट्यांचा ढीग आधीच लावलेला असे, म्हणजे ऐन वेळी कोणाला उठायला नको.

सगळ्यांत पुढची जागा नथ्थूजींची. ते आबाजींचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे आबाजींना ‘बे’ म्हणायचा अधिकार गावात त्यांना एकट्यालाच होता.

“काऊन बे असा जीव देऊन राह्यला?” ते ओरडत. “घरी बैल हायेत ना चांगले?”

“थकले बैल.”

“तुहे बैल? तुह्यापेक्षा जवान हायेत!”

“तू तुही शेकोटी पाह्य बे. इझून राह्यली.”

कारण विचारलं की आबाजी प्रत्येकाला वेगळं सांगत. मला सांगितलं, तब्येतीला चांगलं असतं. नथ्थूजींना सांगितलं, बैल थकले. हॉटेलवाल्याला सांगितलं, सरकार उद्या बैलांवर टॅक्स लावेल, मग सगळे माझ्या मागं लागाल. हॉटेलवाला दोन दिवस चिंतेत होता. घरी मात्र ते रोज एकच गोष्ट विचारत, तीही आंघोळीनंतर, सहज विचारल्यासारखी : “मास्तर, पौष लागाले किती टाइम हाये?” मी पंचांग बघून सांगायचो. ते “हं” म्हणत आणि कोटाची बटणं उलटीसुलटी लावत.

माई, म्हणजे आबाजींच्या कारभारीण, या साऱ्या प्रकारावर काही बोलत नसत. गेल्या पावसाळ्यात माई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या होत्या. तेव्हापासून पाठ धरलेली. भिंतीला हात लावून घरात हळूहळू फिरत, चुलीपाशी बसत, पण अंगणाबाहेर जाणं संपलं होतं. मेहकरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, बैलगाडीत पाय ठेवायचा नाही, एक हिसका बसला तर उरलीसुरली पाठही जाईल. लेकरूबाळ नव्हतं. घरात ही दोन म्हातारी माणसं, दोन बैल आणि पुढच्या खोलीत मी.

एके दिवशी आबाजी नाल्यात उतरले. नाल्यात थंडी गावापेक्षा जास्त असते, हे मला वऱ्हाडात राहूनही त्या सकाळी नीट कळलं. दोन्ही काठांचा सगळा गारठा खाली येऊन साचतो. पाणी गुडघाभरच होतं, पण आबाजी त्यात आडवे उतरले होते. घोंगडीनं पाणी पिऊन घेतलं आणि ती इतकी जड झाली की मला त्यांना आधी घोंगडीतून आणि मग नाल्यातून काढावं लागलं. घरी आणेपर्यंत त्यांचे दात असे वाजत होते की बैलांनी कान टवकारले.

माईंनी आल्याचा चहा केला. चुलीसमोर बसवून त्यांच्या पायांना तेल चोळलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, “पुरे झालं आता. यंदा नाई गेलं तं काय होते?”

“चूप बस,” आबाजी म्हणाले. “जमून राह्यलं मले.”

मला वाटलं, मेहकरला जायचं असेल.

आणि खरंच, त्यानंतर जमलं. एका सकाळी मी सीट सोडली, हे त्यांना कळलंच नाही. ते सरळ वेशीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. शेकोटीवरचे लोक निराश झाले. नथ्थूजी तर उठून घरी निघाले. “आता पाहाले काय राह्यलं बाप्पा?”

पण राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आबाजींनी कॅरिअरवर ज्वारीचं पोतं बांधलं. आधी कॅरिअरवर गोधडीची चौपदरी घडी घातली, ती हातानं दाबून बघितली, अजून एक घडी वाढवली आणि मग त्यावर पोतं.

“पोत्याला कशाला गोधडी?” मी विचारलं.

“पोत्याले बी हाडं राह्यतात, मास्तर.”

ते पोतं घेऊन आबाजी रोज मळ्याच्या वाटेनं जाऊ लागले. गाडीवाटेला खोल चाकोऱ्या पडल्या होत्या, थंडीत दगडासारख्या टणक झालेल्या. पण चाकोऱ्यांच्या कडेनं माणसांच्या पायांची गुळगुळीत, पट्टीएवढी पायवाट होती. आबाजी त्या पायवाटेवरून जात. खडा दिसला की सायकल थांबवत, खाली उतरत (या वेळी खरोखरचं उतरणं), खडा उचलून फेकत आणि पुढं जात. काही दिवसांत त्या वाटेवर बोटभर खडा शिल्लक राहिला नाही. पोतं मागं असताना ते एकदाही आरोळी ठोकत नसत. नथ्थूजींनी हाक मारली तरी बघत नसत.

एकदाच पोतं पडलं. दोरी सुटली आणि ते कलंडून वाटेवर आपटलं. ज्वारी थोडीशी सांडली, एवढंच. मी हसलो. आबाजी हसले नाहीत. ते पोत्याशेजारी मटकन बसले. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

“पडलं, मास्तर,” ते म्हणाले.

त्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी दोरी पुन्हा बांधायला घेतली. तर म्हणाले, “असं नाई. मांगं धराले कायीतरी पाह्यजे.” त्याच दुपारी ते लोहाराकडे गेले आणि सीटच्या मागं पकडायला एक लोखंडी कडी बसवून आले. कडीवर जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं, लोखंड हाताला गार लागू नये म्हणून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोत्याला हात नसतात.

पौषातला तो दिवस रविवार होता. उजाडत होतं. मी दार उघडलं तर अंगणात आबाजी सायकल धरून उभे, आणि माई शाल पांघरून, डोक्यावरचा पदर दातात धरून कॅरिअरवर बसलेल्या. एका हातानं कडी धरलेली, दुसऱ्या हातात लहानसं गाठोडं.

“मास्तर, उतारावर जरा धरशान का?” आबाजी पहिल्यांदाच मला विनंती करत होते.

डोणगावात तेव्हा बायका सायकलवर बसत नसत. तरण्या नवराबायकोनंही असलं काही केलं असतं तर वर्षभर चर्चा झाली असती. इथं तर गावातल्या मोठ्या घरची म्हातारी मालकीण, नवऱ्याच्या मागं, भर गावातून. मला शेकोटीची धास्ती वाटत होती. आबाजींच्या मानेवरची शीर ताठ झाली होती.

शेकोटीवर हशा चालला होता. आम्हाला बघून तो थांबला. नथ्थूजी उठून उभे राहिले. त्यांनी काठीनं वाटेवरची एक जळकी तुराटी बाजूला सारली.

“सावकाश जाय बे,” ते हळूच म्हणाले. “माई, घट्ट धरजा व.”

मग शेकोटीवरचे सगळेच उठले आणि आम्ही वळणापलीकडे जाईपर्यंत कोणी खाली बसलं नाही.

उतारावर मी धरलं. नाल्यात आबाजींनी माईंना खाली उतरवलं, हात धरून दगडांवरून नेलं, परत येऊन सायकल खांद्यावर घेतली. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढं पायवाटेवर ते चालवत राहिले आणि मी मागून चालत. हरभऱ्यावर दव होतं. मधूनमधून आबाजी विचारत, “दुखते का?” आणि माई म्हणत, “नाई. चाला.”

मळा आला. बांधावर एक हिवराचं झाड होतं. माई झाडाला हात लावत लावत त्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, खाली बसल्या आणि तळहातानं वाळका पाला झाडू लागल्या. एक हातभर जागा त्यांनी साफ केली. मग गाठोडं सोडलं. आत एक लहानसं दुपटं होतं, जुन्या लुगड्याचं, चारी बाजूंनी बारीक टाके घातलेलं. ते त्यांनी त्या जागेवर अंथरलं आणि कडा मातीत खोचल्या.

आबाजी सायकलपाशीच थांबले होते, तिकडं पाठ करून.

“पोट्टी होती,” ते म्हणाले. “अशाच थंडीत गेली. बारसं व्हाचं होतं. नाव ठेवाचं राह्यलं.”

मी हिवराकडे पाहिलं.

“लय वर्सं झाली, मास्तर. पण पौषात इची माय येते म्हंजे येते. दरसाल नवं दुपटं शिवते. म्हणते, नाल्याच्या अंगाले थंडी लय राह्यते.” त्यांनी नाक पुसलं. “यंदा पाठ गेली. मी म्हनलं, खाटेवर नेतो, चार माणसं लावून. तं म्हणे, चौघायच्या खांद्यावर जित्तेपनी नाई जात. मंग काय करावं? आपल्याले तं रस्ता एवढाच.” आणि त्यांनी पायवाटेकडे बोट केलं.

“तुम्ही नाही जात तिकडं?” मी विचारलं.

“मी रेंगीतच बसून राहो. बैल सोडून कसं जाव?” मग म्हणाले, “जमलं नाई कदी.”

हिवराच्या पलीकडून माईंचा आवाज आला. “अवो, या ना इकडं. आज तं बैल नाई हायेत.”

आबाजी जागचे हलले नाहीत. मग त्यांनी सायकल माझ्या हातात दिली. बांधावरून चालत गेले आणि त्या हातभर जागेच्या दुसऱ्या बाजूला, माईंच्या समोर, मांडी घालून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं केला आणि दुपट्याचा एक कोपरा सारखा केला.

सूर्य वर आला होता, पण हिवराची सावली अजून तिथंच होती. ऊन हरभऱ्यातून हळूहळू बांधाकडं सरकत होतं. दोघंही त्याच्याकडं बघत बसले होते. ते पुरतं त्या जागेवर येईपर्यंत कोणीच उठलं नाही.