टेलिफोनवर विचारायचे तीन प्रश्न

घरी आलेला पाहुणा हलेना, तर आपल्याकडे त्याच्यापुढे पानसुपारीचे तबक सरकवतात आणि तो उठतो. टेलिफोनवरून घरात शिरलेल्या माणसाला ही सोय लागू पडत नाही. (शास्त्राची प्रगती अद्याप तिथवर गेलेली नाही.)

नाशकात मखमलाबादच्या रस्त्याला राहणारे फुलांचे व्यापारी सावळीराम यांनी १९३७ साली मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी घरात टेलिफोन घेतला. पहिल्या आठवड्यात एकवीस फोन आले. विम्याचे नऊ, हार्मोनियमचे चार, केसांच्या तेलाचे सात (सावळीरामांना टक्कल असल्याचे बाहेर कसे फुटले, हे कळले नाही) आणि गुलाबांचा एक. तोवर सावळीराम इतके कावले होते की त्यालाही त्यांनी "काही नको" म्हणून सांगितले.

मग त्यांनी पद्धत घालून दिली. मुलगी मैना इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली, सबब टेलिफोन खाते तिच्याकडे आले. शिवी द्यायची नाही, फक्त क्रमाने विचारायचे: वस्तू कोणती? नवी की वापरलेली? पसंत न पडल्यास परत घेणार का? तिसऱ्या प्रश्नाला विमेवालेसुद्धा खोकू लागत.

मैनेला एकोणिसावे लागले होते आणि सावळीरामांची झोप उडाली होती. पाच स्थळे फराळ करून गेली ती गेलीच. सहावे दादरचे. होकार असल्यास मुलाचे वडील फोन करणार होते.

मंगळवारी सावळीराम मळ्यातून आले, तेव्हा मैना टेलिफोन ठेवत होती.

"कुणाचा गं?"

"विकणाराच व्हता, आबा. वस्तू कोणती म्हटलं, तर म्हणे मुलगा. रेल्वेत हाय. आज ठरवलं तर हुंड्यात सूट."

सावळीराम पायताण न काढताच टेलिफोनपाशी आले. "मंग?"

"नवा का वापरलेला, इचारलं. म्हणे बिजवर हाय, पण चांगला राहिलाय."

"बिजवर? बैठकीत नाय बोलला ते!"

"मंग तिसरं इचारलं. ठेवलाच त्यानं."

"अगं भवाने, तुझा सासरा व्हता तो!" आतून सरुबाई, मैनेची आई, ओरडल्या.

"असंल, आई. पण बोलत व्हता तेलवाल्यावानीच."

सावळीरामांनी रात्रभर पद्धत तपासली. दोष सापडला नाही.

त्या घराला जावई अजून हवाच आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी उपवर चिरंजीव असतील, त्यांनी अवश्य फोन करावा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याला तोंडपाठ असतीलच. तिसऱ्याचे मात्र चिरंजिवांच्या आईला विचारून ठेवावे. आपल्या घराण्यातला माल तिने पंचवीस वर्षे चालवून घेतला आहे.