खास कॅमेऱ्यासाठी वाजवलेली चाल

रविवारी सकाळी दहा वाजता वरठीला सेवकराम मास्तरांच्या बँडचा सराव मी माझ्या मुठीएवढ्या डिजिटल कॅमेऱ्यात टिपला. घटना एवढीच.

वीस वर्षं पेपरला बातम्या दिल्यात. माझ्या हातून तपशील सुटत नाही! बपेऱ्याचे माझे साडू मधुकरराव पोराच्या वरातीसाठी बँड शोधत होते. पाहिल्याशिवाय बयाना देणार नाही म्हणाले. "जसा आहे तसा टिपून आणतो," मी म्हटलं. म्हणूनच मास्तरांना कारण सांगितलं नाही. कारण कळलं की माणूस सजून बसतो!

मास्तर कॅमेऱ्याकडे विंचू पाहिल्यासारखे पाहू लागले.

"कोनाच्या लग्नाची शूटिंग होय जी?"

"कोणाच्याच नाही. सहज."

"सहज!" ढोलवाला जीवन म्हणाला. "लाईट कुठं हाय? लग्नाचा कॅमेरा खांद्यावर रायते. हा तं मुठीत लपते!"

"तुमाले चिंधूनं धाडलं का?" मास्तरांनी विचारलं. चिंधू म्हणजे तुमसरचा बँडवाला. मास्तरांची नवी चाल दर लग्नसराईत तो चोरतो, असा मास्तरांचा आरोप. दुजोरा मिळालेला नाही.

"शपथ! मी त्याला ओळखतही नाही."

"मंग शपथ कायले घेऊन राहिले?"

मास्तर साथीदारांच्या कानाला लागले आणि बँड सुरू झाला. काय वाजवलं! क्लॅरिनेट चढावर, तर ट्रम्पेट उतारावर. ढोल तर धानाच्या बांधीत म्हैस उधळल्यासारखा! मला वाटलं, हीच नवी फॅशन. संगीतातलं मला काही कळत नाही. टिपणं मात्र चोख.

सराव सीडीवर उतरवून बपेऱ्याला नेला. तो पाहून मधुकरराव खुर्चीतून उडालेच. "हेच पायजे! असं जिल्ह्यात कोनी वाजवलं नाही!"

मी तडक वरठीला निरोप नेला. मास्तर म्हणाले,

"अजी, ते चोरासाठी होतं! कॅमेरा सुरू हाय तोवर उलटंसुलटं वाजवा, म्हनलं होतं मी. त्याईले आमची खरी चाल आयकवा ना!"

तीही टिपून नेली, ऐकवली. मधुकरराव जांभई देत म्हणाले, "हे तं सारेच वाजवतात."

बुकिंग हातचं जाणार! तेव्हापासून अख्खा बँड रोज माझ्या टीव्हीसमोर बसून स्वतःच्या चुका पाठ करतोय. पण मुरलेले हात! दोन ओळी चुकतात, तिसरीला आपोआप सुरात येतात. आमच्या सौ. उषाबाई वैतागून माहेरी निघून गेल्या.

आज दुपारी मधुकररावांचा फोन आला. सीडी घेऊन ते तुमसरला गेले होते. "भाव पाहाले! चिंधूनं एकदाच आयकलं अन् हुबेहूब वाजवलं ना!"

"मग बयाना?"

"अजून कोनालेच नाही दिला. परवा वरात हाय. पाहू."

हे मास्तरांना मी अजून सांगितलेलं नाही. कसं सांगणार? आतल्या खोलीत ते घसा फुटेस्तोवर ओरडताहेत,

"जीवन! तू पुन्हा बरोबर वाजवलं!"