विरळ हवेची पूर्वतयारी

प्रवासातले बहुतेक अपघात घराबाहेर पडल्यामुळे होतात. ही साधी गोष्ट जगाच्या ध्यानात येत नाही, आमच्या थोरल्या काकांच्या मात्र पहिल्याच दिवशी आली. त्यामुळे शेजारच्या डोंगराळ देशात सहकुटुंब जायचं ठरताच त्यांनी तिकिटं काढण्याचा उतावळेपणा केला नाही. त्यांनी समिती नेमली.

काका गोदामप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या कारकिर्दीत गोदामातून एकही वस्तू अर्जाशिवाय बाहेर गेली नाही. (अर्ज केल्यावरही फारशा गेल्या नाहीत.) अर्थात ते अध्यक्ष. त्यांचे जावईबापू औषधांचं दुकान चालवतात, म्हणून ते वैद्यकीय सल्लागार. मी पुतण्या, अक्षर बरं, सबब चिटणीस. काकूला समितीत घेतलं नाही, कारण जायची कल्पना मुळात तिची होती आणि समिती निःपक्षपाती असावी लागते.

काकूचं म्हणणं एवढंच होतं, "मला एकदा बर्फाचा डोंगर डोळ्यांनी बघायचाय. कॅलेंडरवरचा पुरे झाला. डॉक्टर म्हणालेत, गुडघे यंदा साथ देतील, पुढचं काही सांगता येत नाही." समितीने गुडघ्यांची सहानुभूतीपूर्वक दखल घेतली आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

पहिला मुद्दा हवेचा. तिकडे हवा विरळ, तेव्हा शरीराला आधीपासून सवय हवी, असं जावईबापूंनी सांगितलं. त्यासाठी घरातली अडगळीची खोली मुक्रर झाली. तिला खिडकी नाही. रोज संध्याकाळी आम्ही तिघे दार लावून आत बसू लागलो. पहिल्याच दिवशी काका गादीच्या वळकटीला टेकले आणि बघता बघता घोरू लागले. जावईबापूंनी नाडी पाहून 'उंची लागली' असा निर्वाळा दिला. पुढे पुढे ती आम्हा सगळ्यांनाच लागू लागली, विशेषतः पोटभर खाऊन बसलं की.

दुसरा मुद्दा थंडीचा. फ्रिजचं दार सताड उघडून त्यासमोर स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून बसायचं, असा कार्यक्रम आखण्यात आला. (दूध नासलं. ते प्रतिकूल हवामानाच्या खाती टाकलं.)

"अहो, पेपरवाला दारातून बघून गेला," काकू म्हणाली. "काय म्हणेल तो?"

"गिर्यारोहक म्हणेल," काका म्हणाले.

तिसरा मुद्दा, चुकामूक टाळण्याचा. कमरेला एकच दोरी बांधून आम्ही भाजीबाजारात सराव केला. काका वांग्यांकडे, जावईबापू लिंबांकडे आणि मी मधल्या मधे कांद्यांच्या ढिगावर. भाजीवालीने फार मायेनं विचारलं, "कुठल्या दवाखान्यातून आणलंय तुम्हाला?"

या काळात समितीने पाहणीही केली. त्या देशात जाऊन आलेल्यांपैकी शंभर टक्के लोक तिथे दमले होते. न गेलेल्यांत हे प्रमाण शून्य निघालं. आकडे बोलके होते.

हळूहळू आमची कीर्ती पसरली. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहतात, त्याही सल्ल्याला आल्या. तिकडे जाताना काय काय लागतं, असं त्यांनी विचारलं आणि काकांनी अख्खी संध्याकाळ खर्चून सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे स्वेटर," म्हणाल्या आणि उठल्या. काकू त्यांना पोचवायला दारापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथेच कुजबुजत उभी राहिली. समितीने इकडे कानाडोळा केला, आणि समितीची चूक म्हणाल तर ती एवढीच.

पुढच्या आठवड्यात आम्ही उंची लागून खोलीबाहेर आलो, तर घरात सामसूम. तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"अहो, जेवण झाकून ठेवलंय. मी मावशींबरोबर निघालेय, विमानतळावर आहे."

"अगं, पण ठराव कुठे झालाय?"

"गुडघ्यांना ठराव कळत नाहीत हो!" आणि फोन बंद.

काका जेवले नाहीत. हवामान विचारायच्या निमित्ताने त्यांनी तिला पुन्हा पुन्हा फोन लावला. दोन दिवसांनी सकाळीच तिचा आला.

"अहो, दिसला! आधी नुसतं धुकं होतं, मी म्हटलं, गेलं सगळं पाण्यात. आणि एकदम हा एवढा मोठा! मी तर रडलेच बाई. तुम्ही हवे होतात हो."

काका घसा खाकरून म्हणाले, "दम लागला का?"

"लागला. बसले. गेला."

काकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, मग डोळे पुसले. "लिही," मला म्हणाले, "सदर डोंगर पाहणे अनधिकृत. आणि मला हेवा वाटतोय, ते मात्र लिहू नकोस."

सासूबाई टुणटुणीत परत आलेल्या पाहून जावईबापूंनी तडकाफडकी राजीनामा दिला आणि स्वतःचं तिकीट काढलं. समितीत त्यामुळे एक जागा रिकामी झाली. ती भरण्यासाठी हा अहवाल इच्छुकांकडे पाठवण्यात येत आहे. निवडीचा निकष एकच. ज्यांना खरोखर जायचं असतं, ते पहिल्या परिच्छेदानंतर वाचन टाकून तिकिटं काढायला उठतात.

आपण शेवटपर्यंत वाचलंत. बैठक रोज संध्याकाळी असते.