बुवा आज घाईत आहेत!

बुवांना माझ्याइतकं ऐकलेला माणूस या पृथ्वीतलावर दुसरा नाही. खुद्द बुवांनीसुद्धा स्वतःला इतकं ऐकलेलं नसेल! बावीस वर्षं, दर रविवारी, सकाळी नऊ ते अकरा, आमच्या बाहेरच्या खोलीत, एकच कॅसेट. दोन्ही बाजू.

आता बुवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भलतंच कुणीतरी आलं असेल. आमचे बुवा म्हणजे गिटारवाले. गावोगावची जुनी लोकगीतं गोळा करायची आणि गिटारवर रॉकच्या थाटात गायची, हा त्यांचा उद्योग. ‘बुवा’ हे नाव आम्ही भक्तांनी ठेवलेलं. ऐन तिशीत त्यांनी एक कॅसेट काढली आणि मग कुठल्याशा डोंगरात जाऊन जे गप्प बसले ते बसलेच! दुकानांतून कॅसेट गेली, लोक विसरले. मी विसरलो नाही. माझ्या टेपरेकॉर्डरवरून मी स्वतः तिच्या दहा प्रती उतरवल्या आणि दहा भली माणसं या मार्गाला लावली.

त्यात मी धंद्याने घड्याळजी. निम्म्या गावाची मनगटं माझ्या भरवशावर वेळेवर कामाला पोचतात. तेव्हा लय, ठेका, वेळ या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत होतं. ‘होतं’ हा शब्द ध्यानात ठेवा.

आमच्या मंडळात तशी सगळीच माणसं दर्दी. पण त्यातही कंपाउंडर आणि भूगोलाच्या बाई हे दोघे पट्टशिष्य. बुवांचं ‘नावाड्या’ सुरू झालं की कंपाउंडर ढसाढसा रडायचा. ‘नावाड्या, नाव सोड, पलीकडे माझी वाट बघतात...’ काय तो खोल आवाज! एकेक सूर विहिरीतून पोहरा काढावा तसा सावकाश वर यायचा. पलीकडचा काठ म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. कंपाउंडरने तर वडील गेले तेव्हा दिवसभर हेच गाणं लावलं होतं.

एकाच व्यक्तीवर या गाण्याचा परिणाम झाला नाही. माझ्या बायकोवर!

ती टायपिंगचा क्लास चालवते. इतर दिवशी त्याच खोलीत तिची यंत्रं खडखडत असतात. रविवारी त्यांच्यावर कापडं टाकून आम्ही मधल्या जागेत बसतो. ती स्वयंपाकघरातून विचारायची, “अहो, या माणसाला झोपेतून उठवून गायला लावलंय का?”

“ती वेदना आहे,” मी म्हणायचो.

“दाढ दुखतेय म्हणा की सरळ!”

आणि अशात बातमी आली. बुवा येणार! डोंगरातून उतरून, बावीस वर्षांनी, आमच्या गावच्या सभागृहात! कंपाउंडर हातातली औषधाची बाटली तशीच घेऊन धावत माझ्या दुकानात आला आणि बोलता येईना म्हणून नुसता हातवारे करत राहिला. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

घरी आल्या आल्या मी बायकोला म्हटलं, “तू चल. एकदा समोर बसून ऐक. नाही तुझ्या डोळ्यांत पाणी आलं तर नाव बदलीन.”

तिने क्षणभर विचार केला. “नाव राहू दे. मला रविवार सकाळचा एक वर्ग काढायचाय. नोकरीवाल्यांना तेवढाच वेळ मिळतो. येते मी तुमच्या बुवांना बघायला. आवडले, तर रविवार तुमचा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आवडले, तर पुढच्या रविवारपासून खोली माझी. आहे कबूल?”

“कबूल!” मी छातीठोकपणे म्हणालो. हरण्याचा प्रश्नच नव्हता!

तरी पण तो आठवडा मला जड गेला, हे कबूल करतो. बसवेना, उभं राहवेना. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मी मिनिटकाटा उलटा बसवला. दुसऱ्याचं नुसतं पुसून परत दिलं. रविवारचं बोलणं मी हसण्यावारी नेलं होतं खरं, पण माझ्या आयुष्यात माझं म्हणावं असं त्या दोन तासांपलीकडे काही नव्हतं. ते गेले तर मी रविवारी सकाळी करणार काय? कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. अडीचला मी बूट घालून दारात उभा!

“अहो, अजून सभागृह झाडलंसुद्धा नसेल,” बायको म्हणाली.

तिसऱ्या रांगेत आमच्या ओळीने बारा खुर्च्या. मंडळाचे अकरा आणि माझ्या शेजारी ती. आम्ही एक बेत केला होता. ‘नावाड्या’च्या दुसऱ्या ओळीला अकराही जणांनी खालच्या आवाजात साथ द्यायची. आठवडाभर तालीम केली होती. बुवा चकित होतील, म्हणतील, इतके रसिक लोक! मी तर त्यानंतर काय नम्र बोलायचं तेही पाठ केलं होतं.

पडदा उघडला. बुवा!

खरं सांगतो, मी बसल्या जागी हात जोडले. केस पांढरे झालेले, अंगात साधा सदरा, गुडघ्यावर गिटार. कंपाउंडर एकही सूर निघायच्या आधीच रडायला लागला. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ रुतलं.

“पहिलं गाणं, ‘नावाड्या’,” बुवा म्हणाले आणि सुरू झाले.

अरे देवा! बुवांची बोटं तारांवरून अशी पळायला लागली की जणू मागे कुत्रं लागलंय! आवाजही बारीक, खणखणीत. मी डोळे मिटले होते ते खाडकन उघडले. आमच्या अख्ख्या रांगेने एकमेकांकडे बघितलं.

“ताप आहे,” कंपाउंडर कुजबुजला. “नाडी एकशे चाळीसच्या खाली नाही!”

“इतक्या लांबून आलेत,” बाई म्हणाल्या. “प्रवासात रेखांश बदलला की माणसाचं पोटातलं घड्याळ बिघडतं.”

“गाडी पकडायची असेल,” मी म्हणालो. “उरकतायत!”

एवढ्यात दुसरी ओळ आली. बेत तो बेत! अकरा जणांनी खोल श्वास घेतला आणि साथ सुरू केली. आमच्या लयीत. आम्ही “ना... वा...” पर्यंत पोचलो तोवर बुवा चौथ्या ओळीवर! आम्ही “ड्या...” ला हात घातला तेव्हा ते कडवं संपवून पुढे गेलेले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “अहो, ते लोक बरे आहेत ना?”

मग माझ्यातला घड्याळजी जागा झाला. यंत्र पुढे पळत असेल तर ते मागे घेणं माझं कामच! मी उभा राहिलो आणि दोन्ही तळवे खाली दाबत बुवांना खूण केली: हळू, हळू! माझं बघून मंडळ उठलं. अकरा माणसं, बावीस तळवे!

बुवांनी बघितलं. मान डोलावली. माणूस मोठा समजूतदार! आवाज मोठा होतोय असं वाटून त्यांनी बाजूच्या तंत्रज्ञाला खूण केली आणि त्याने आवाज कमी केला. वेग तोच!

आम्ही तळवे आणखी जोरात दाबले. तंत्रज्ञाने आणखी कमी केला. आता मागून आरडाओरडा सुरू झाला, “आवाज! आवाज!” आमचे तळवे खाली, मागच्यांचे वर! शेवटी बुवांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होता फक्त कंपाउंडरचा हुंदका.

बुवा थांबले. गिटारवर हात ठेवून पुढे वाकले.

“तिसऱ्या रांगेतली मंडळी, काय त्रास होतोय?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाठ केलेलं नम्र भाषण ऐन वेळी पसार झालं. तोंडातून निघालं ते असं:

“बुवा, माफ करा, पण तुम्ही आज घाईत आहात का?”

“नाही बुवा,” बुवा म्हणाले. “मला रात्रीपर्यंत काही काम नाही.”

“मग हे गाणं सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. आत्ताचा वेग धरला तर पाचात संपेल!”

सभागृहात खसखस पिकली. बुवांना मात्र गंमत वाटली असावी. “तुम्हाला येतं तसं म्हणून दाखवा बघू एक कडवं.”

हीच ती संधी! मी मंडळाकडे बघितलं, हात उचलला आणि आम्ही जीव ओतून गायलो. बावीस वर्षांची साधना पणाला लावली. कडवं संपायला बराच वेळ लागला. संपलं तेव्हा सगळीकडे चिडीचूप शांतता. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

“हे कुठे ऐकलंत?” बुवांनी हळूच विचारलं.

“तुमच्याच कॅसेटवर! यांच्या सगळ्या प्रती मी माझ्या टेपरेकॉर्डरवरून काढल्यात!” मी अभिमानाने म्हणालो.

“त्या टेपरेकॉर्डरचा पट्टा कधी बदलला होता?”

पट्टा? चालत्या यंत्राला हात लावू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. बावीस वर्षांत मी त्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं!

“पट्टा सैल पडला की यंत्र सावकाश फिरतं,” बुवा समजावून सांगायला लागले. “आवाजही जाड होतो. करता काय तुम्ही?”

मी उत्तर द्यायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, घड्याळं दुरुस्त करतात ते! माझं त्यांच्याकडेच पडलंय!”

त्यानंतर जो हशा उसळला तो मी शब्दांत सांगणार नाही. दोघे-तिघे स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागलेले मी डोळ्यांनी पाहिले!

पण कंपाउंडर बिचारा हसत नव्हता. तो उभाच होता. “म्हणजे बुवा, पलीकडचा काठ... मृत्यू...?”

“कसला मृत्यू?” बुवा दचकले. “वरातीचं गाणं आहे ते! नवरदेवाला उशीर झालाय, पलीकडे नवरी खोळंबलीय, म्हणून तो नावाड्याच्या मागे लागलाय. घाई नाही करणार तर काय करील?”

कंपाउंडर मटकन खाली बसला. “वडिलांना मी वरातीवर पोचवलं,” तो एवढंच म्हणाला. मग बाईंनी त्याला पाणी दिलं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि त्याच वेळी माझं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे गेलं. खुर्ची रिकामी! बायको उभी होती. डोळे चमकत होते आणि दहाही बोटं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टपटपत होती.

“तुम्ही, ताई?” बुवांनी विचारलं. “तुम्हालाही हळू हवंय?”

“मुळीच नाही!” ती म्हणाली. “मिनिटाला साठ शब्दांचा वेग आहे तुमच्या बोटांना आणि एक चूक नाही! या लोकांकडे बघू नका. पहिल्यापासून घ्या!”

बुवा मनापासून हसले आणि पहिल्यापासून घेतलं.

काय सांगू! अख्खं सभागृह उभं राहिलं. माझ्या मंडळातले दहा गद्दार दोन मिनिटांत फिरले. भूगोलाच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. कंपाउंडर रडत होता, पण आता नाचत रडत होता. मी एकटा खुर्चीत बसून राहिलो. राग आला होता, लाज वाटत होती, बावीस वर्षं पाण्यात गेली असं वाटत होतं, आणि पाय मेले ठेका धरायचे थांबेनात! दुसऱ्या कडव्याला मी उठलो. इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

घरी येताना मी घाबरत घाबरत विषय काढला. “मग?”

“आवडले,” ती म्हणाली. “फार आवडले.”

“म्हणजे रविवार...?”

“तुमचा. शब्द म्हणजे शब्द.”

मी रस्त्यातच एक उडी मारली. जिंकलो! सोमवारी पट्टा बदलला. रविवारी नऊला मंडळ जमलं, ‘नावाड्या’ लावलं आणि पहिल्यांदाच बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन आमच्यात बसली. मला केवढा आनंद झाला! दोन ओळी झाल्या आणि ती एकदम म्हणाली, “अहो, या ठेक्यावर बोटं काय सुरेख बसतील!”

“मला तर कधीपासून टायपिंग शिकायचंय,” कंपाउंडर म्हणाला.

“मला पण,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

यंत्रांवरची कापडं कुणी काढली ते मी पाहिलं नाही. साडेनऊला आम्ही अकराही जण ताठ बसून बुवांच्या तालावर एकच ओळ पुन्हा पुन्हा बडवत होतो, आणि बायको हातात पट्टी घेऊन मागून फिरत होती. गेले चार रविवार हेच चाललंय. कालच्या रविवारी न राहवून मी तिला आठवण करून दिली, की पैज खरं म्हणजे मी जिंकलोय.

“हो ना,” ती म्हणाली. “बोलू नका. आणि बोटांकडे बघू नका.”