पाण्यातल्या चपला

आमच्या देऊळघाटात मागचा सगळा हिवाळा एक माणूस रोज सकाळी उलटा चालत मळ्यात जात होता. पायात काळे रबरी पंखे, डोक्यावर छत्री, मान मागे वळवलेली आणि वाटेतल्या प्रत्येकाला रामराम. हे पंखे म्हणजे समुद्रात बुड्या मारणारे स्कूबावाले पायात घालतात ते फिन्स. ते घालून सरळ चालायला गेलं की माणूस तोंडावर आपटतो, म्हणून उलटं चालायचं. गल्लीतली कुत्री सुरुवातीला त्यांच्यावर भुंकली, मग त्यांनीही नाद सोडला.

हे आमचे शेजारी दामूकाका. बसस्टँडजवळ त्यांचं चपलांचं दुकान आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, हे मी सांगायला नको. आणि खुद्द दामूकाकांना पोहताही येत नाही. पाण्याची त्यांना इतकी धास्ती, की नाला ओलांडायचा तरी कोणाचा तरी हात धरतात. मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या आहेत. पाण्यालगतच्या कोरड्या पायरीवर बसून ते नुसते पंखे पाण्यात बुडवत, हलवून बघत आणि उलटे चालत परत येत. कोणी विचारलंच तर सांगत, "टेस्टिंग चालू हाय."

गाव हसायचं. मी पण हसायचे, पण जरा तोंड झाकून, कारण ते पंखे माझ्याच मोबाइलवरून मागवलेले होते.

दामूकाका माणसाचं तोंड विसरतील, पाय विसरत नाहीत. रस्त्यात भेटले की तब्येत कशी आहे, पोरं काय करतात, असलं काही विचारत नाहीत. खाली बघून म्हणतात, "पाय काय म्हनून राह्यला?" हे त्यांचं कायमचं विचारणं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा शेजारी म्हणून तेही येऊन बसले होते. नवऱ्या मुलाच्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल चकार शब्द विचारला नाही. पाहुणे गेल्यावर माझ्या बाबांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन बूट त्याचा नाई, दुसऱ्याचा हाय." लग्नानंतर कळलं, बूट खरंच माझ्या दिरांचे होते. आम्ही दोघं आता माझ्या माहेरच्याच घरी राहतो, आणि नवऱ्याला मी ते आजही ऐकवते.

लहानपणी शाळा सुरू व्हायच्या आधी बूट घ्यायला आम्ही पोरं त्यांच्याकडे जायचो ते दिवे लागायच्या वेळीच. सकाळी माप घ्यायला ते साफ नकार देत. "सकाळचा पाय खोटं बोलते," हे त्यांचं ठाम मत. दिवसभर हिंडून पाय थोडा फुगतो, तेव्हा जो बूट बसतो तोच खरा. त्यामुळे जूनमध्ये त्यांच्या दुकानाबाहेर तिन्हीसांजेला पोरांची रांग लागलेली असे. काका पुढ्यात बसून बूट चढवत, अंगठ्याने पुढे दाबून बघत, मग समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालून यायला लावत. सगळ्या आयांना बूट एक नंबर मोठा हवा असे, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतो. काका म्हणत, पुढच्या वर्षीचा पाय घेऊन पुढच्या वर्षी या. माझी आई चिडून मला बुलढाण्याला नेई आणि मोठे बूट आणे. पुढच्याच आठवड्यात काका रस्त्यापलीकडून ओरडत, "पोरी, उजव्या टाचेले फोड आला तुया," आणि आलेलाच असे.

त्या दुकानात गल्ल्यापाशी स्टुलावर शकूकाकू बसायच्या. खोकी काढून देणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, काकांनी घालवलेलं गिऱ्हाईक परत बोलावणं, ही सगळी कामं त्यांची. रोज सकाळी आमच्या भिंतीपलीकडून काकांची हाक ऐकू यायची, "चाल वं, दुकान उघडाचं हाय आपल्याले." मग काकांची चप्पल पुढे आणि काकूंची मागे, एक पाऊल भारी आणि एक हलकं. आमच्या घरात घड्याळ नसतं तरी चाललं असतं.

काकूंचा उजवा पाय लहानपणी पोलिओने बारीक आणि आखूड राहिला. डाव्या पायाला पाच नंबर लागतो, उजव्याला तीन. त्यांचं माहेर दुसरबीडचं. तिथे त्यांना पाचाची जोडी घेऊन उजव्या चपलेत चिंधी कोंबायची, अशीच रीत होती. मुलगी तरुण झाली तरी चिंधी चालूच. एकदा नात्यातल्या लग्नाला म्हणून वडील त्यांना घेऊन इकडे आले आणि चप्पल घ्यायला दुकानात शिरले. तेव्हा दुकान काकांच्या वडिलांचं होतं आणि काका खोकी झटकायला होते. वडील चिंधी मागू लागले. काकांनी काही न बोलता पाचाच्या जोडीतली डावी काढली, तिनाच्या जोडीतली उजवी काढली आणि दोन्ही काकूंच्या पायात घातल्या. जोडी फोडणं म्हणजे आमच्याकडच्या चप्पलवाल्यासाठी महापाप. काकांच्या वडिलांनी भर दुकानात त्यांना फैलावर घेतलं, की उरलेली ही विचित्र जोडी आता कोण घेणार. काका म्हणाले, येईल कोणीतरी.

कोणी आलं नाही. काकू मात्र आल्या, त्याच वर्षी सून म्हणून. तेव्हापासून प्रत्येक चपलेला दोन जोड्या फुटल्या, आणि उरलेल्या, उजवी पाचाची नि डावी तिनाची, अशा दुकानाच्या माळ्यावर चढल्या. बरोबर उलट्या पायांची एखादी बाई कधीतरी येईल म्हणून काका आजही वाट बघतात. मी त्यांना म्हणते, काका, जुना माल आता टाकून द्या. ते म्हणतात, आली तर बिचारीनं चिंधी कोंबायची का?

दोन वर्षांपूर्वी काकूंचा डावा गुडघा गेला. जन्मभर दोन पायांचं ओझं एकट्याने वाहिल्यावर जाणारच. त्यांची बाज पुढच्या खोलीत आली, आणि दुकानातलं स्टूल रिकामं झालं. भिंतीपलीकडची हाक बदलली. काका नुसतं म्हणत, "मी जातो," आणि एकट्याची चप्पल वाजत जाई. दुपारीच परत येत. मी विचारलं, एवढ्या लवकर? म्हणाले, "गमत नाई पोरी दुकानात." गिऱ्हाइकाचा पाय हातात धरून ते वळून बोलायला जात आणि मागे कोणी नसे.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जमिनीवर गुडघ्याला भार नको, पाण्यात पाय चालवा, उजव्या पायातही थोडी ताकद येईल. हे ऐकून काकूंचा चेहरा असा खुलला, की मी बघतच राहिले. माहेरच्या विहिरीत त्या पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकल्या होत्या. म्हणाल्या, "पान्यात मी लंगडत नव्हती वं." लग्नानंतर सुनेने विहिरीत उड्या मारणं कोणाला रुचलं नसतं, म्हणून सगळं सुटलं.

काकू मळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्या धरून पाण्यात उतरल्या खऱ्या, पण उजवा पाय आता पाणी पकडेना. डावा ढकली, उजवा नुसता मागे तरंगे, की काकू गोल फिरून पुन्हा पायरीशी. दमून, हिरमुसून बाहेर आल्या. "राहू द्या आता," म्हणाल्या. काका राहू देणारे नव्हेत. त्याच दिवशी माझ्याकडे आले, मी मोबाइलवर फिन्स दाखवले, आणि पुढचे कित्येक महिने माझा मोबाइल माझा राहिला नाही.

कंपनीच्या मुलीला फोन लावून काकांनी विचारलं, पंजा रुंद आहे का, टाच सोडते का, रबर चावते का. ती म्हणाली, सर, आपण कोणत्या समुद्रात उतरणार आहात? काका म्हणाले, विहिरीत. मग काकांनी एक पाय पाचाचा आणि एक तिनाचा पाठवा असं सांगितलं, तेव्हा तिने फोन तिच्या साहेबांकडे दिला. साहेबांनी जोडी फोडायला नकार दिला. काकांना त्यांचा राग आला नाही. आपल्या वडिलांची आठवण झाली म्हणाले.

काकांचा नियम असा, की जो माल आपल्या पायाला चावतो तो शकूच्या पायात जायचा नाही. म्हणून प्रत्येक कंपनीची आधी त्यांच्या मापाची जोडी यायची, ती घालून घरापासून विहिरीपर्यंत उलटं चालणं व्हायचं. पंखे चालायला नसतात, पोहायला असतात, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, चालल्याबिगर कसं कळंन? पास झाली की मग काकूंसाठी दोन जोड्या. तिनाच्या पायाला मोठ्यांचे पंखे मिळत नाहीत, म्हणून तो पोरांचा आणायचा, पिवळाधमक. काकू पाण्यात उतरायच्या, दोन हात मारायच्या आणि पिवळा पंखा पायातून सुटून तळाला. मग बादल्या काढायचा लोखंडी गळ टाकून काका तो काढत बसायचे. एवढा नामी चप्पलवाला, पण एकही पंखा बसेना. माळ्यावर फुटलेल्या जोड्यांत आता पंख्यांचीही भर पडली.

उन्हाळा जवळ येत होता. पाणी खाली गेलं की पायऱ्या उघड्या पडतात आणि तेवढं खाली काकूंना उतरणं जमलं नसतं. एका सकाळी काकू कंटाळून म्हणाल्या, "कोंबा न थोडी चिंधी. काय होते?"

काका एकदम ताडकन उठले. मी त्यांना काकूंवर चिडलेलं पहिल्यांदाच बघत होते. "मी हाय तोवर नाई," म्हणाले, आणि बराच वेळ गळाचा दोर गुंडाळत राहिले.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "तुमी माप घेता संध्याकाळी, अन् पान्यात उतरवता सकाळी."

दोर गुंडाळायचा थांबला. जन्मभराचा नियम त्या थंड पाण्यात बुडताना मी पाहिला. फुगलेल्या पायाचं माप, आणि पोहायचं गारठलेल्या पायाने. दुसऱ्या दिवशी सकाळी, आयुष्यात पहिल्यांदाच सकाळी, त्यांनी काकूंना पायरीवर बसवलं, पाय चांगले गार होईपर्यंत पाण्यात सोडायला लावले आणि सुतळीने माप घेतलं. दोन्ही पाय एकेक नंबर खाली आले. "सकाळचाच पाय खरा निघाला," एवढंच पुटपुटले.

नवे पंखे आले तेव्हा काकांनी स्वतः घालून बघितले नाहीत. थेट विहिरीवर गेलो. काकूंनी माझा जुना पंजाबी ड्रेस घातला होता. पाठीला डबा, कमरेला दोर, दोराचं टोक काकांच्या मनगटाला. काकांनी शाळेच्या बुटांसारखे पंखे चढवले, डावा काळा, उजवा पिवळा, अंगठ्याने पुढे दाबून पाहिलं. काकू पाण्यात शिरल्या.

पंखा सुटला नाही. काकू गोल फिरल्याही नाहीत. समोरच्या दगडापर्यंत सरळ गेल्या, दगडाला हात लावला आणि तिथेच पाणी उडवत हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. ही दुसरबीडची पोर असावी.

काकांनी नेहमीसारखं विचारलं, "शकू, पाय काय म्हनून राह्यला?"

काकूंनी तोंडावरचं पाणी पुसलं. "कोनता?"

काकांनी सवयीने खाली पाहिलं. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलेलं होतं. पावसात चपला हातात घेऊन अनवाणी चालणारा हा माणूस, पाण्याला भिणारा, पायातल्या चपलांसकट केव्हा दोन पायऱ्या खाली उतरला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. दोर मात्र हाताला घट्ट होता. तो हळूच ओढून ते म्हणाले, "ये वं बाहीर. दुकान उघडाचं हाय आपल्याले."