तेरा भागांचा नवस

देवापुढं तोंड उघडण्याआधी माणसानं चौकशी करावी, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं. अडतीस वर्षं मी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर तोलणार म्हणून कामाला होतो. पोतं काट्यावर चढल्याशिवाय वजन कधी बोललो नाही. आणि गणपतीपुढं मात्र न तोलता बोलून बसलो.

कारण होतं आमची नात ऋतुजा. तिच्या कंपनीनं एका मेलमध्ये चाळीस जणांना घरी पाठवलं, त्यात ही एक. त्याला नऊ महिने झाले. मधे सहा मुलाखती दिल्या. सगळीकडं सगळं नीट चालायचं आणि शेवटी एकच प्रश्न यायचा, 'हे मधले महिने काय केलंत?' तिथं पोरगी सांगणार काय? खोलीत पडून एक विलायती मालिका बघत होती. बरं, तीही आधी बघितलेलीच, पुन्हा पहिल्यापासून. (बघितलेलं परत कशाला बघतेस, असं मी विचारलं होतं. "तुम्ही वरण-भात एकदाच खाल्लात का?" म्हणाली. त्या महिन्याभरात ती बोललेलं तेवढंच.) पूर्वी घर डोक्यावर घेणारी पोर. आता जेवायला हाक मारली की ती यायची, पण तिचं बोलणं काही तिच्याबरोबर यायचं नाही.

चतुर्थीला माझी बायको मथुराबाई मला देवळात घेऊन गेली आणि कोपरानं ढोसून म्हणाली, "पोरीसाठी बोला कायतरी. जड जाईल असं बोला."

"साखर सोडतो."

"ती डाक्टरनं कवाच सोडवलीय."

"तंबाखू?"

"ती तुमी धा वेळा सोडलीया. देवाला पाठ झालंय."

मागं रांग खोळंबली होती. एक बाई "आजोबा, आवरा" म्हणाली. घाईत मी हात जोडले आणि मोठ्यानं बोललो, "देवा, पोरीला नोकरी लागू दे. तिची ती मालिका मी तिच्याशेजारी बसून अथपासून इतिपर्यंत बघीन!"

माझा हिशोब सरळ होता. आमच्या काळी टीव्हीवरची मालिका तेरा भागांची असायची. तेरा रविवार म्हणजे तीन महिने. इंग्रजी तर इंग्रजी, डोळे मिटून बसायला भाषा लागत नाही.

घरी आल्यावर ऋतुजाला सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काटा गिळलाय.

"आजोबा, ती मालिका साठ वर्षं चालू आहे."

"म्हणजे भाग किती?"

"आठशे चाळीस. स्पिन-ऑफ वेगळे."

मी खाली बसलो. (खुर्ची आधीपासून तिथं होती, हे नशीब.)

"स्पिन-ऑफ काय असतं?"

ती दोनदा सांगून थकली. मग जरा थांबून म्हणाली, "असं बघा. मूळ मालिका म्हणजे जमिनीचा एक गट नंबर. पुढं त्यातल्या कुणाचं तरी वेगळं बिऱ्हाड झालं, त्याची वेगळी मालिका निघाली. म्हणजे पोटहिस्सा. असे चार पोटहिस्से आहेत."

आता कळलं. आमच्या पुण्याकडच्या धायरीतल्या माणसाला पोटहिस्सा कळणार नाही तर काय कळणार! आमच्या तीन एकरांचे अकरा पडले, त्यावर आता लोकांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. मी विचारलं, "मग बांधावरून भांडणं असतील?"

"असतात ना. इंटरनेटवर रोज."

मी मथुराबाईकडं वळलो. "पोटहिस्से नवसात धरायचे नाहीत."

"इतिपर्यंत म्हणालात न्हवं? पोटहिश्याबिगर इति हुतीया व्हय?"

"बरं, आधी नोकरी तर लागू दे. नवस नंतर फेडतात."

"बाजारात सौद्याआधी विसार देता का न्हाई? मग देवालाच उधारी कशापायी?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे ओल्या कांद्याचं वजन करणं. काट्यावर एक येतं, घरी गेल्यावर दुसरंच निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलो.

गोष्ट अशी. आकाशात एक दीपगृह आहे. तिथला दिवेवाला वाट चुकलेल्या यानांना वाट दाखवतो. सुरुवातीचा दिवेवाला म्हातारा, खवचट, कुणाचं ऐकून न घेणारा. (मला एकदम पटला.) पण दर चार-पाच वर्षांनी त्याची बदली होते आणि नवीन दिवेवाला येतो. दोन बायका पण येऊन गेल्या म्हणे. सगळं काळं-पांढरं. भिंतीला कोणी टेकलं की भिंत हलायची. तिसऱ्या भागात एका ग्रहावरच्या समुद्रातून राक्षस आला, तेव्हा मी ओरडलोच, "अगं, हे तर गोणपाटाचं बारदान!"

"आजोबा, तो विषारी प्राणी आहे."

"बारदान आहे. पन्नास किलोचं. मी काय बारदान ओळखत नाही? बगलेत शिवण उसवलीय त्याची."

ऋतुजानं मागं घेऊन बघितलं. खरंच उसवली होती. पाच वेळा तो भाग बघूनही तिला ती दिसली नव्हती. ती हसली. खोकल्यासारखं हसली, सवय गेली होती. मथुराबाईनं पटकन पदर डोळ्याला लावला आणि कचरा गेला म्हणाली.

मी चोरी करून बघितली, नाही असं नाही. काळा चष्मा लावून झोपायचो. पण पोरगी बेरकी. प्रत्येक भाग संपला की प्रश्न विचारायची, उत्तर आलं नाही तर भाग पुन्हा. एक गोष्ट तर डोक्यात शिरेचना. त्या दिव्याचा उजेड म्हणे मागच्या काळात पडतो. मी म्हणालो, असलं माझ्या काट्यावर चालणार नाही. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढली, बशा मांडल्या, टॉर्च लावला. मला नाही कळलं. ती चिडायची, पाय आपटत आत जायची आणि पाच मिनिटांत नवीन युक्ती घेऊन बाहेर यायची. आवाज चढलेला, केस विस्कटलेले. घर परत डोक्यावर यायला लागलं होतं. खरं सांगतो, त्यानंतर एक-दोन वेळा मी कळूनही नाही म्हणालो. (दोनच वेळा. बाकी खरंच कळलं नव्हतं.)

असं करत दीड महिन्यात आम्ही एकशे बारा भागांपर्यंत आलो आणि तिथं गाडं अडलं.

"पुढचे सदतीस भाग नाहीत," ऋतुजा म्हणाली.

"न्हाईत म्हंजी?" मथुराबाईनं विचारलं.

"चॅनलवाल्यांनी टेप वाचवायला जुने भाग पुसले आणि त्यावरच दुसरं काहीतरी भरलं. फक्त आवाज उरलाय."

जुन्या बारदानात नवा माल. विलायतेत पण तेच! मी खूष झालो, सदतीस भाग सुटले. पण मथुराबाईचा चेहरा उतरला. नवसात खंड पडला तर पोरीच्या नोकरीचं काय? तिनं देवळातल्या गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर.

गुरुजी रस्त्यात होते, मागं हॉर्न वाजत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मालिका म्हणजे काय तेवढं सोडून. म्हणाले, "जे हजर नाही त्याच्या जागी सुपारी मांडावी. पत्नी हजर नसेल तर यजमान कमरेला सुपारी लावतोच की. एका भागाला एक सुपारी. आणि मांडल्यावर तो भाग पुरा होईस्तोवर उठायचं नाही."

झालं. टीव्ही बंद. त्याच्यापुढं पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी, तिला हळदीकुंकू. समोर आम्ही नवरा-बायको हात जोडून. ऋतुजा आवाज लावायची आणि कोण काय करतंय ते मराठीत सांगायची. बारदानाचा आवाज ती चांगला काढायची. मला तर चित्रापेक्षा सुपारीच बरी वाटली. निदान हलत नव्हती.

नवव्या सुपारीच्या दिवशी ऋतुजाची सातवी मुलाखत होती. लॅपटॉपवर, अकरा वाजता. आमच्या घरात नेट फक्त हॉलच्या खिडकीत येतं. भाग साडेदहाला संपेल म्हणून आम्ही दहाला सुपारी मांडली, आणि सव्वादहालाच कंपनीचा फोन आला, 'मॅडम आत्ताच मोकळ्या आहेत.'

ऋतुजानं गडबडीत भागाचा आवाज थांबवला. "आजी, आजोबा, आत जा!"

"भाग अर्धा हाय. उठता येत न्हाई," मथुराबाई म्हणाली आणि हात आणखी घट्ट जोडले.

"मग निदान हलू नका!"

पोरगी खिडकीशी बसली, आमच्याकडं पाठ करून. लॅपटॉपवर एक बाई आल्या. श्यामला मॅडम. पिकलेले केस, चष्मा नाकावर. दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी होती. वीस मिनिटं त्या इंग्रजीत विचारत होत्या, ही पटापट सांगत होती. मग त्या मराठीत आल्या.

"सगळं ठीक आहे. पण हे मधले दहा-अकरा महिने? काय केलंत आपण?"

 मला ऋतुजाची फक्त पाठ दिसत होती, ती वाकत चालली होती. सहा वेळा अशीच वाकली असणार.  

मग मॅडमनी चष्मा वर केला. "आणि मागे जे चाललंय ते काय आहे, असं विचारलं तर चालेल का?"

बाई सदाशिव पेठेतल्या असाव्यात. परवानगी मागत होत्या, पण नकाराला जागा ठेवली नव्हती.

माझ्यानं राहवेना. उठता येत नव्हतं, पण तोंडाला कुठं बंदी होती? मी बसल्या जागेवरून ओरडलो, "ओ मॅडम! मी दत्तोबा, हिचा आजा. पोरगी काय रिकामी बसली नव्हती. रोज आठ तास माझ्यावर राबतीय!"

"आजोबा!" ऋतुजानं डोकं धरलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या. काय राबतेय?"

मी सगळं सांगितलं. नवस, आठशे चाळीस भाग, पुसलेल्या टेपा, सुपारी. मॅडमचा चेहरा हलला नाही. त्यांनी मलाच प्रश्न घातला, "स्पिन-ऑफ म्हणजे काय, आजोबा?"

"पोटहिस्सा."

"बरं. आणि तो उजेड मागच्या काळात कसा पडतो?"

इथं मी घसा साफ केला. "आज बाजारात कांदा आलाय. पण त्याची लागवड झाली चार महिन्यांमागं. कांदा बघताय आजचा, पण त्यात दिसतोय तवाचा पाऊस, तवाचं ऊन. उजेडाचं तसंच. डोळ्यात आज पडतोय, पण निघालाय जुना. हां, दिवेवाल्याचा दिवा त्याच्या पुढची पायरी आहे, तो त्या जुन्या पावसात जाऊनच उभा राहतो."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हिनं. सतरा वेळा."

"सतरा?" त्या ऋतुजाकडं वळल्या. "आणि अठराव्यांदा विचारलं असतं तर?"

ऋतुजाची पाठ सरळ झाली. "सांगितलं असतं, मॅडम. कांद्यानं नाही जमलं तर बटाटा घेतला असता. त्यांना कळत नाही असं नव्हतंच, मलाच त्यांच्या भाषेत सांगता येत नव्हतं. ते यायला वेळ लागला."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "कळवते," म्हणाल्या आणि गेल्या. ऋतुजा रागावली नाही. येऊन आमच्याशेजारी पाटासमोर बसली आणि म्हणाली, "कुठं होतो आपण? हां, बारदान जिना चढतंय."

चौथ्या दिवशी पत्र आलं. नोकरी लागली, दुकानदारांना सॉफ्टवेअर शिकवायची. मथुराबाईनं अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. मी यार्डात गेलो आणि भेटेल त्याला सांगितलं, नातीला मी नोकरी लावली, एका वाक्यात, बसल्या जागेवरून. नवसाचं म्हणाल तर आता आम्ही रोज संध्याकाळी एक भाग बघतो. ऋतुजा सांगते, या वेगानं पोटहिश्यांसकट तीन वर्षं लागतील. लागू देत. मला पण कुठं जायचंय?

पहिला महिना झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, ऑफिसात रोज तुमचं नाव निघतं."

मी छाती काढली. निघणारच. "काय म्हणतात?"

"श्यामला मॅडमनी नियमच केलाय. नवीन काहीही बनवलं की दुकानदाराला द्यायच्या आधी एक फॉर्म भरायचा. त्यात शेवटचा प्रश्न आहे, 'दत्तोबांना कळेल का? हो किंवा नाही.' नाही असेल तर परत बनवायचं."

"आतापर्यंत किती जणांनी हो लिहिलं?"

"अजून एकानं पण नाही," ती मथुराबाईकडं बघत म्हणाली. 

"तो फॉर्म दाखव बरं मला," मी म्हणालो.

तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. मी चष्मा पुसला, वरून खाली बघितला, खालून वर बघितला.

मला कळला नाही.